शेततळ्यात उतरलेली हळदी-कुंकू बदकाची पिल्लं: पहिले साठ दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात हळदी-कुंकू बदकाची मादी अकरा पिल्लं घेऊन उतरली. चार दिवसांत पिल्लं सातवर आली. ती घरी आणून कोंबडीच्या पिल्लांसारखी वाढवावीत का, त्यांना खायला काय घालावं, आणि ती उडायला किती दिवस लागतील?

आधी आज करायचं काम सांगतो. पिल्लं उचलू नका. अंधार पडायच्या आत तळ्याच्या निदान एका कोपऱ्यात काथ्याची जाळी किंवा गोणपाटाची पट्टी वर बांधून खाली पाण्यात सोडा, म्हणजे पिल्लांना बाहेर पडता येईल. गावातली कुत्री तिकडे फिरकणार नाहीत असं बघा आणि तुम्हीही पन्नास-साठ मीटर लांब राहा. पिल्लं कमी होतायत ती बहुतेक घारीमुळे असं तुम्हाला वाटत असेल. घार नेतेच, पण कागदाच्या तळ्यात त्याहून मोठी अडचण कागदाचीच असते.

बदकाचं पिल्लू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणी येतं. प्रत्यक्षात पहिले दोन-तीन आठवडे त्याला पाण्याइतकाच काठ लागतो. वीतभर खोल पाणी, त्यात कुजणारा पालापाचोळा, चिखल, लव्हाळा, पाणकणीस, आणि वर चढून अंग कोरडं करायला गवताची उबदार जागा. खाणं तिथे, लपणं तिथे, आईच्या पोटाखाली ऊब घेणंही तिथेच. शेततळ्याला पाणी असतं, पण असा काठ नसतो. बाजूचा उतार एकास एक किंवा एकास दीड, त्यावर गुळगुळीत कागद, कागदावर शेवाळाचा बुळबुळीत थर. आई बांधावर उडून बसते आणि हाका मारते. पिल्लं तिच्या दिशेने धावतात, दोन-चार पावलं वर चढतात, घसरून परत पाण्यात पडतात, पुन्हा चढतात. पंचवीस-तीस ग्रॅमच्या जिवात अशा कसरतीला फार वेळ पुरेल इतकी ताकद नसते. सकाळी काठाला लागलेलं मेलेलं पिल्लू सापडलं आणि अंगावर जखम नसली, तर ते दमून आणि गारठून गेलं असं समजा. अजिबात माग न लागता दिवसाढवळ्या एकेक पिल्लू नाहीसं होत असेल, तर शिकारी शोधा.

ही परिस्थिती का येते ते कळायला पिल्लाचं आयुष्य अंड्यापासून बघावं लागेल.

हळदी-कुंकू बदक हे आपल्याकडचं बारमाही बदक. चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा ठिपका आणि चोचीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कुंकवाची बोटं, म्हणून हे नाव. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या थापट्या, तलवार बदकांसारखं ते पाहुणं नाही. उजनी, जायकवाडी, नांदूरमध्यमेश्वर यांच्या फुगवट्यापासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे ते राहतं आणि इथेच वीण करतं. उत्तर भारतात वीण मुख्यतः जुलै ते सप्टेंबर, दक्षिणेत नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. महाराष्ट्र मधे पडतो, त्यामुळे पावसाच्या मध्यापासून हिवाळ्यापर्यंत कधीही पिल्लांसह मादी दिसू शकते. पाणी टिकून असेल तर इतर महिन्यांतही दिसते.

घरटं जमिनीवर असतं. दाट गवतात, लव्हाळ्यात, कधी बांधाच्या कडेच्या झुडपाखाली उथळ खळगा, त्यात सुकं गवत, आणि अंडी वाढत जातील तशी मादी आपल्या छातीची मऊ लव उपटून अस्तर करते. घरटं पाण्याला चिकटूनच असेल असं नाही, चांगला आडोसा मिळाला तर ती पाण्यापासून बरीच लांबही बसते. अंडी साधारण सात ते चौदा, रोज एक. सगळी अंडी घालून झाल्यावरच ती उबवायला बसते, आणि पुढचं सगळं वेळापत्रक या एका सवयीवर उभं आहे. पहिलं अंडं आणि शेवटचं अंडं यांच्यात दहा-बारा दिवसांचं अंतर असलं, तरी वाढ एकदम सुरू होते आणि साधारण चोवीस दिवसांनी सगळी पिल्लं काही तासांच्या फरकाने बाहेर येतात. मागेपुढे आली असती तर आईला अर्धी पिल्लं घेऊन निघावं लागलं असतं. उबवणीच्या काळात ती दिवसातून एक-दोनदा चरायला उठते आणि उठताना अंडी लवेने झाकून जाते. गवत कापताना अशी झाकलेली अंडी दिसली आणि मादी जवळ नसली, तर घरटं सोडून दिलंय असं समजू नका. अंड्यांना हात न लावता भोवतालचं तीन-चार मीटर गवत उभं ठेवा आणि तिथून पाण्याकडे जाणारी एक गवताची पट्टीही राखा. भोवतीचं सगळं गवत भुईसपाट करून मधे एक झुबका ठेवला, तर कावळ्याला आणि मुंगसाला पत्ता सांगितल्यासारखं होतं.

फुटण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून अंड्यांतून आवाज यायला लागतो. आतलं पिल्लू चोचीने अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पिशवी फोडतं, पहिला श्वास घेतं आणि बारीक चिवचिवतं. आई वरून हळू आवाजात प्रतिसाद देते. मग चोचीच्या टोकावरच्या कठीण पांढऱ्या दाण्याने पिल्लू कवचाला बारीक तडा देतं, थोडं थांबतं, पुन्हा टोचतं, सावकाश गोल फिरत झाकणासारखा तुकडा कापतं. तडा गेल्यापासून बाहेर येईपर्यंत चोवीस तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात. या मधल्या थांबण्यात उरलेला बलक पोटात ओढला जातो आणि कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या सुकतात. म्हणून ‘अडकलंय बिचारं’ म्हणून कवच सोलायला जाऊ नये. रक्तस्राव होतो, आणि पिल्लाची पहिल्या दिवसांची शिदोरी बाहेरच राहते.

हा पोटातला बलक एक-दोन दिवस पुरतो. त्यामुळे बाहेर आल्यावर पिल्लाला लगेच खायची घाई नसते. ते आईखाली सुकतं, लव फुलते, पाय रोवायला शिकतं, आणि याच काळात आईचा ठसा मनावर घेतं. कोनराड लोरेन्झ यांनी 1935 साली राखी हंसाच्या पिल्लांवरून या ठशाचं वर्णन केलं, आणि पुढे 1973 साली प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. एकहार्ड हेस यांच्या मॅलार्डच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत हा ठसा जन्मानंतर 13 ते 16 तासांच्या दरम्यान सर्वांत पक्का बसतो असं दिसलं. मॅलार्ड हे आपल्या हळदी-कुंकवाचं अगदी जवळचं नातेवाईक, त्यामुळे तिथली बरीच माहिती इथे उपयोगी पडते.

गावाकडची एक पद्धत इथे आड येते, म्हणून ती मोकळेपणाने बोलायला हवी. रानबदकाची अंडी सापडली की ती खुडूक कोंबडीखाली ठेवायची. अंडी फुटतातही. पण पिल्लं कोंबडीला आई मानतात, आणि कोंबडी त्यांना पाण्यावर नेत नाही, पाण्यातलं खाणं दाखवत नाही, घार आल्यावर पाणवनस्पतीत घुसायला शिकवत नाही. गिल्बर्ट गॉटलीब यांनी मॅलार्डवर केलेल्या प्रयोगांत आणखी बारीक गोष्ट दिसली. ज्या पिल्लांना अंड्यात असताना स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकूच येऊ दिला नाही, त्यांना बाहेर आल्यावर बदकीची हाक आणि कोंबडीची हाक यांत नीट निवड करता आली नाही. म्हणजे आईची ओळख अंडं फुटायच्या आधीच घडायला लागते, आणि ती घरट्यातल्या त्या चिवचिवाटातून घडते. शिवाय वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 नुसार अशी अंडी किंवा पिल्लं उचलणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे.

जन्मानंतर साधारण चोवीस तासांत, बहुधा सकाळच्या वेळी, आई घरटं सोडते. ती पुढे, मागे पिल्लांची रांग. पुन्हा त्या घरट्यात कोणी येत नाही. हा पायी प्रवास कधी शंभर पावलांचा, कधी एक किलोमीटरच्या पुढचा असतो, आणि वाटेत रस्ता, कुंपण, सिमेंटचा कालवा असं काहीही येतं. रस्त्यावर अशी रांग दिसली तर दोन्ही बाजूंची वाहनं थांबवा आणि तिला तिच्या दिशेने जाऊ द्या. मागे वळवलं, तर ती फिरून त्याच रस्त्यावर येते. तुमच्या तळ्यात ती बहुधा अशीच, कुंपणाच्या खालून शिरून आलेली आहे. पाणी दिसलं, उतरली. बाहेर पडता येणार नाही हे तिला कळायचं कारण नाही, कारण ती स्वतः उडू शकते.

आता अंगाची ऊब. पिल्लाची लव वरून काळपट-तपकिरी आणि पिवळी, डोळ्यावरून जाड गडद पट्टा. ती पाणी रोखते, पण मर्यादेत. लवेच्या बारीक तंतूंत हवा अडकते आणि पाणी आत येत नाही. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीचं तेल चोचीने अंगाला लावून पिल्लू ती राखतं, आणि आईच्या पोटाखाली घासताना तिचं तेलही थोडं लागतं. पण पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान टिकवता येत नाही. अर्धा-पाऊण तास पोहलं की वर यायचं, सुकायचं, आईखाली शिरायचं, ऊब घेऊन परत उतरायचं, असा दिवसभराचा क्रम असतो. गार वारा आणि संततधार पाऊस असेल तर आईखालचा वेळ वाढतो आणि खाण्याचा घटतो. म्हणून पावसाच्या झडीत लहान पिल्लं सर्वांत जास्त मरतात, आणि त्यातली कित्येक अर्धपोटी राहिल्यामुळे गारठ्याला बळी पडतात. साधारण दोन आठवड्यांनंतर दिवसा आईच्या पोटाखाली जाणं कमी होतं. रात्री त्यानंतरही काही दिवस चालू राहतं.

खाण्याबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. मोठं हळदी-कुंकू बदक मुख्यतः शाकाहारी: गवताचं बी, कोवळे कोंब, पाणवनस्पती, भाताच्या खाचरातले दाणे. पिल्लू मात्र पहिले दोन-तीन आठवडे जवळजवळ पूर्ण मांसाहारी असतं. चिलटांच्या लाल अळ्या, डासांच्या अळ्या, पाणपिसवा, चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच बारीक कीटक) यांच्या अळ्या, छोट्या पाणगोगलगायी. साठ दिवसांत जन्माच्या वजनाच्या वीसपटीहून पुढे जायचं असेल तर प्रथिनं लागतात, आणि ती बियांतून पुरेशी मिळत नाहीत. पहिले काही दिवस ती पाण्याच्या पृष्ठभागावर टिपतात, पाण्यातून नुकत्याच वर येणाऱ्या चिलटांवर अक्षरशः धाव घेतात. मग मान पाण्यात बुडवून चाळायला लागतात. शेपूट वर करून उभं डुबकणं त्याच्याही नंतर जमतं, कारण त्याला लांब मान आणि वजन लागतं. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात हळूहळू हिरवं आणि बी वाढत जातं.

कागदाच्या तळ्यात चिखल नाही, कुजणारा पाला नाही, म्हणून अळ्याही कमी. त्यात मासे सोडले असतील तर उरलेल्या अळ्या मासे खातात. मरळीसारखा मोठा शिकारी मासा असेल तर तो पिल्लूही ओढतो. आणि शेजारच्या शेतातलं कीटकनाशक वाहून आलं असेल तर पिल्लाला थेट विष बाधलं नाही तरी त्याचं ताट रिकामं होतं. ही मादी बांधावरून हाका मारते, तेव्हा ती पिल्लांना जेवण असलेल्या पाण्याकडे न्यायला बघत असते. तिला जाऊ देणं हीच मदत.

त्यासाठी काय करायचं ते नीट सांगतो.

काथ्याची जाळी सर्वांत चांगली, नसेल तर जाड गोणपाट शिवून केलेली पट्टी, त्यावर दर वीतभर अंतरावर आडवी दोरी किंवा बांबूची कांब बांधलेली. रुंदी किमान दोन फूट. पट्टी उभी न टाकता उतारावर तिरकी टाका, म्हणजे चढ सौम्य होतो. खालचं टोक पाण्याच्या पातळीखाली मीटरभर जाऊ द्या, कारण उपसा झाला की पातळी उतरते आणि पट्टी लोंबकळत राहते. ही सर्वांत नेहमीची चूक. खालच्या टोकाला वाळूची छोटी पिशवी बांधा, दगड नको, कागद फाटतो. वरचं टोक कागद पुरलेल्या चराच्या पलीकडे खुंटी ठोकून बांधा. पट्टी कागदाला चिकटून बसली पाहिजे, फट राहिली तर पिल्लू तिच्याखाली शिरून अडकतं. पिल्लं भिंतीच्या कडेकडेने पोहतात आणि कोपऱ्यात गोळा होतात, म्हणून चारही कोपऱ्यांत पट्टी असावी. एकच जमणार असेल तर आई ज्या बांधावर बसून हाका मारते त्या बाजूचा कोपरा निवडा.

तळ्याच्या मधोमध नको, पण काठापासून दोन-तीन मीटरवर एक तराफाही सोडता येतो. बांबू किंवा बंद रिकामे डबे खाली, वर मीटर बाय मीटरचं गवताचं किंवा उसाच्या पाचटाचं अंथरूण, एक बाजू पाण्यात बुडेल अशी उतरती. रात्री आई पिल्लांना घेऊन त्यावर बसली तर कुत्रं आणि मुंगूस दोन्ही टळतात.

कुंपणाची जाळी जमिनीला लागून असेल तर पट्टीच्या वरच्या टोकासमोर वीतभर उंच-रुंद एक वाट मोकळी करा. नाहीतर पिल्लं वर येऊन जाळीशी अडकतील आणि बांधावर उघडी पडतील. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ पंपाचं तोंड असेल तर त्याला बारीक जाळीचं पिंजऱ्यासारखं वेष्टन द्या. तळ्यात मासेजाळं लावलेलं असेल तर ते काढा. डुबकी मारलेलं पिल्लू त्यात अडकलं तर वर येत नाही.

हे करून झालं की लांब जा आणि तिथेच थांबून बघत बसू नका. माणूस दिसत असेपर्यंत आई बाहेर पडत नाही. रात्रीतून किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे तळं रिकामं दिसलं, तर काळजी करू नका. ती ओढ्याला, पाझर तलावाला, भाताच्या खाचराला गेली असेल.

गेली नाही आणि तळ्यातच राहिली, तर पिल्लांचं वय ओळखता यायला हवं, म्हणजे किती दिवस जपायचं ते कळेल. गोलॉप आणि मार्शल यांनी 1954 साली बदकांच्या पिल्लांसाठी केलेली वर्गवारी अजून जगभर वापरतात. मॅलार्डच्या दिवसांनुसार ती अशी आहे. पहिला टप्पा लवेचा. एक ते सहा दिवसांत पिल्लू गोल, चेंडूसारखं, रंग ठसठशीत. सात ते बारा दिवसांत रंग फिका पडतो, अंग तरी गोलच. तेरा ते अठरा दिवसांत मान लांब, अंग लांबट, सगळं बेढब. दुसरा टप्पा पिसांचा. एकोणीस ते पंचवीस दिवसांत बाजूंना आणि शेपटीला पहिली खरी पिसं दिसतात. सव्वीस ते पस्तीस दिवसांत निम्म्याहून जास्त अंग पिसांनी झाकलेलं. छत्तीस ते पंचेचाळीस दिवसांत लव फक्त पाठीवर आणि मानेवर थोडी उरलेली. तिसरा टप्पा शेहेचाळीस ते पंचावन्न दिवस, पूर्ण पिसं पण उड्डाण नाही. साधारण पन्नास ते साठ दिवसांत ती उडतात. हळदी-कुंकवासाठी एक-दोन दिवस इकडेतिकडे धरले तरी हाच अंदाज वापरा.

या वाढीत एक गोष्ट लक्षात घ्या: पाय आणि धड आधी वाढतात, पंख सर्वांत शेवटी. पाच आठवड्यांचं पिल्लू लांबून आईएवढं दिसतं, पण त्याचे पंख आखूड असतात आणि पंखांची मोठी पिसं अजून रक्ताने भरलेल्या नळीत असतात. ‘मोठी झाली, आता उडतील’ म्हणून या वयात कोणी हुसकावलं, तर ती नुसती पाण्यावर पाय मारत पळतात. लहान हळदी-कुंकू बदकाच्या चोचीवर कुंकूही नसतं. लाल ठिपके नंतर येतात, आणि नराचे मादीपेक्षा मोठे असतात.

अकराची सात झाली याने तुम्ही हळहळलात हे खरं आहे, पण निसर्गात यात वेगळं काही नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त पिल्लं जातात, आणि उडण्याच्या वयापर्यंत निम्मी राहिली तरी ती चांगली वीण मानतात. म्हणून तर मादी इतकी अंडी घालते. हवेतून घार, कावळा, दलदली भोवत्या, काठावरून राखी बगळा आणि जांभळा बगळा, जमिनीवरून मुंगूस, मांजर, साप, कुत्रं. यातलं मोकाट कुत्रं तेवढं आपल्या हातात आहे. धोका दिसला की आई वेगळी, कडक हाक देते. पिल्लं पसरून वनस्पतीत शिरतात किंवा डुबकी मारतात आणि थिजून राहतात. ती स्वतः पंख तुटल्यासारखी पाण्यावर फडफडत शिकाऱ्याला उलट दिशेला नेते. मादीला असं लंगडताना पाहिलं तर ती जखमी आहे म्हणून तिच्यामागे जाऊ नका. तुम्ही पिल्लांच्या अगदी जवळ आला आहात एवढाच त्याचा अर्थ.

पिल्लांची मोजणी करायची तर पहाटे, दुर्बिणीने, दोनदा मोजा. मधे लपलेली पिल्लं हटकून सुटतात. सातची पाच झाली म्हणून घाबरावं आणि संध्याकाळी सात दिसावीत, असं वरचेवर होतं.

खायला काही घालू नका. पाव, पोळी, भात यांनी पोट भरतं पण वाढ होत नाही, आणि उरलेलं अन्न पाण्यात कुजतं. उथळ, तापलेल्या, कुजक्या पाण्यात बोट्युलिझमचे जिवाणू वाढतात. त्याच्या विषाने आधी पाय-पंख लुळे पडतात, मग मान. राजस्थानात सांभर सरोवरावर 2019 च्या नोव्हेंबरात हजारो पाणपक्षी याच रोगाने मेले. तळ्यावर मान टाकलेले पक्षी दिसले, तर मेलेले लगेच उचलून खोल पुरावेत, कारण मृत पक्ष्यांवरच्या अळ्यांतही ते विष साठतं आणि त्या खाणारे पक्षी पुढे मरतात. हाताळताना हातमोजे घाला.

एकटं सापडलेलं पिल्लू मात्र वेगळा प्रश्न आहे. त्यातही आधी आई शोधा. भावंडं जवळपास दिसत असतील तर पिल्लाला हवेशीर टोपलीत ठेवून पाण्याजवळ, सावलीत ठेवा आणि दूरून तास-दोन तास बघा. त्याची मोठ्याने चाललेली चिवचिव आईला खेचून आणते. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकेल, ही भीती सोडून द्या. ती जवळ आली की टोपली आडवी करा. दुसऱ्या मादीच्या पिल्लांत ते सोडू नका, परक्या पिल्लाला कित्येकदा ती टोचून मारते.

पिल्लू थंड, ओलं, निपचित असेल तर आधी ऊब, मग बाकी सगळं. मऊ कापडाने टिपा, पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल घाला. वर्तमानपत्र नको, घसरून पाय फाकतात. एका बाजूला दिवा लावून त्या टोकाला 32 ते 35 अंश ठेवा आणि दुसरं टोक थंड राहू द्या, म्हणजे पिल्लू जागा निवडेल. ते दिव्याखाली आकसलं तर ऊब कमी, लांब जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागलं तर जास्त. पाणी उथळ बशीत, त्यात गोटे, म्हणजे चोच बुडेल पण अंग भिजणार नाही. पोहायला सोडू नका, आईखाली शिरता येत नसल्याने ते भिजून गारठतं. आणि लगेच वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात 1926 हा वनविभागाचा निःशुल्क क्रमांक आहे.

मदत पोचायला रात्र लागणार असेल तर कोंबडीच्या पिल्लांचं 20-22 टक्के प्रथिनांचं औषध न घातलेलं भरडा खाद्य पाण्यात ओलं करून द्या. कोरडं दिलं तर घशात बसतं. याच खाद्यावर आठवडे काढू नका. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, ते कमी पडलं की घोटे सुजतात, पाय वाकतात आणि पिल्लू गुडघ्यावर सरपटायला लागतं. ‘घरच्या बदकांत सोडलं, छान वाढलं’ असंही ऐकायला मिळतं. मस्कोव्ही ही एक जात सोडली तर पाळीव बदकं मॅलार्डपासून आलेली आहेत, त्यांचा आणि हळदी-कुंकवाचा संकर होतो. त्यांच्याकडून बदक प्लेगसारखे रोगही येतात.

तळ्याजवळ जुनं पोकळ झाड असेल तर आणखी एक दृश्य दिसू शकतं. अडई, काणूक आणि नाकेर ही बदकं बहुधा झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. गोव्यात करमळीच्या तळ्यावर अडईचे थवे अगदी जवळून बघायला मिळतात. यांची पिल्लं एक दिवसाची असताना ढोलीच्या आतल्या भिंतीला तीक्ष्ण नख्यांनी धरत वर येतात आणि खालून येणाऱ्या हाकेवर उडी टाकतात. कित्येक मीटर उंचीवरून पडूनही त्यांना लागत नाही, कारण वजन नगण्य आणि अंगावर लवेची गादी. खाली चादर धरायला जाऊ नका, त्या गडबडीत आई पळते आणि उरलेली पिल्लं ढोलीतच राहतात. अडईचं वेगळेपण म्हणजे अंडी उबवायला आणि पिल्लं सांभाळायला नर-मादी दोघं असतात. हळदी-कुंकवात नर कधी आसपास दिसतो, पण पिल्लांचा भार मादीवरच.

साठाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं पहाटे काठाकाठाने पंख झटकताना दिसतील, मग पाण्यावर घासत दहा-वीस मीटर जातील, आणि एखाद्या सकाळी उडालेली असतील. लगेच पट्ट्या काढून ठेवू नका. पिल्लं वाढवून झाल्यावर मादी आपल्या पंखांची सगळी मोठी पिसं एकदम टाकते आणि नवी येईपर्यंत साधारण महिनाभर तिला स्वतःलाच उडता येत नाही. या काळात ती लव्हाळ्यात गपचूप राहते. तुमच्या तळ्यातच राहिली, तर बाहेर चालत यायला तिलाही तीच काथ्याची पट्टी लागणार आहे.